ऐश या शब्दाची व्युत्पत्ती

४ जानेवारी १९५४
नव्या वर्षाचा संकल्प, थोडा उशिरा: 'ऐश' या शब्दावर निबंध पुरा करणे. महिनाअखेर साहित्य मंडळात वाचन आहे. थिअरी तयार. मूळ संस्कृत. इष् म्हणजे इच्छिणे, त्यातून ऐश. लोक उगीच परका शब्द म्हणतात.
प्रेमिला उमरेडला भावाकडे गेली. इथली थंडी बाधते म्हणे. थंडी तिथेही आहे, पण बायकांच्या लॉजिकमध्ये शिरण्यात अर्थ नाही. आठवडाभरात येईल. तोवर घरात शांतता. लेखनास उत्तम.

७ जानेवारी
लेखन नाही. स्टोव्ह पेटेना. घरमालकीण गोदूबाईंनी विचारले, "मास्तर, बाई काहून गेली जी?" चेंज म्हणून, असे सांगितले. "सारे लुगडे घेऊन?" म्हणाल्या. बायका पसारा नेतातच.

११ जानेवारी
शाळेतले उर्दूचे करीमुद्दीन मास्तर म्हणाले, ऐश अरबी आहे. मूळ अर्थ जगणे. चैनबिन मागाहून चिकटली. मी हसलो. घरी येऊन कोश पाहिला. कोशातही तेच. कोशांत चुका असतात.
प्रेमिला जाताना भांडली नव्हती, हे नोंदवून ठेवतो. दिवाळीत एकदा म्हणाली होती, सिनेमाला जाऊ, येताना सीताबर्डीवर गरम जिलबी खाऊ. मी म्हटले, ऐश करायला शिकलीस! निबंधाचा विषय तिथेच सुचला. म्हणजे थोडे क्रेडिट तिचे. आभार मानीन. ती मात्र हसली नव्हती.

१४ जानेवारी
संक्रांत. आली नाही. गाडी चुकली असेल. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून व्युत्पत्तीचा विचार केला. पाठ धरली.

१७ जानेवारी, सकाळी
उमरेडला निघालो. घेऊनच येतो. समजूत घालण्याचे पॉइंट्स पाठ आहेत. धोतर इस्त्रीचे.

१८ जानेवारी
एकटाच परतलो. तिला तिथे कामे आहेत.
मेहुण्याच्या, श्रावणच्या, अंगणातून हसणे ऐकू आले. कोण बाई इतकी मोकळी हसते म्हणून बाहेरच थांबलो. प्रेमिला होती. लग्नाला सात वर्षे झाली, हे हसणे मी ऐकले नव्हते. भावजय चंद्रकला शेजारी. दोघी मागासाठी कांड्यांवर सूत भरत होत्या, प्रेमिलाच्या गालात पेरूची फोड. मी दारात दिसलो आणि हसणे थांबले. पदर डोक्यावर आला. "बसा जी," म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसे.
चहा झाला. पॉइंट्स मांडले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी जरा हसली, चांगलंचुंगलं खाल्लं, का तुमचं तोंड वाकडं. तुम्ही मारलं नाही, शिव्या नाही देल्या. पण मले तिथं जीव कोंडल्यावानी होते जी."
केव्हा येशील, विचारले.
"मी नाही येत."
चंद्रकला उठून आत गेली. श्रावण गाडीपर्यंत आला. "राग नोका धरू भाऊजी," म्हणाला. राग नव्हताच. शिवाय 'नाही येत' हा वर्तमानकाळ आहे. भविष्याबद्दल त्यात काही म्हटलेले नाही.

३१ जानेवारी
निबंध वाचला. ऐश अरबी, असेच वाचले. टाळ्या बऱ्या पडल्या. आभाराचे वाक्य राहिले. चेअरमन म्हणाले, "सौभाग्यवती दिसत नाहीत?" पुढच्या वेळी आणतो, म्हटले.

९ फेब्रुवारी
गोदूबाईंना पापड लाटायचे आहेत. प्रेमिलाचा हात चांगला, ती आली की करू, म्हणाल्या. ती येणार नाही, असे मी म्हणालो. तोंडातून निघून गेले.
त्या आत जाऊन वाटीभर वांग्याची भाजी घेऊन आल्या. गरम, वर तेलाचा तवंग. त्यांच्या उंबऱ्यावर बसूनच खाल्ली. फार चांगली झाली होती. खाता खाता रडू आले. थांबेना. तरी वाटी पुसून खाल्ली.