एकोणपन्नास सालचं मरण

शिकागो,
९ एप्रिल १९६२

प्रिय झेला,

तू आणि तुझ्या चर्चची मंडळी खुशाल असाल. मी बरा आहे. थंडीत उजव्या हाताची बोटं आखडतात, डावा मात्र अजून कुणाला ऐकत नाही. लाकूडतोड्यांच्या छावण्यांतल्या मोडक्या पियानोंपासून आजवर चाळीस वर्षं ब्लूज आणि बुगी-वुगी वाजवून त्यानंच मला जगवलं. तुझ्या मते ते सैतानाचं काम. असो.

काल रविवारी दुपारी बारमध्ये वाजवत होतो. जुन्या रेकॉर्डी गोळा करणारे दोन गोरे विद्यार्थी आले. माझं नाव ऐकून त्यातला एक, आधीच गोरा, आणखी पांढरा पडला.

“अहो, पण तुम्ही तर एकोणपन्नास साली वारलात!”

“मग ही बियर कोण ढोसतंय? माझं भूत?”

सगळे हसले. मीही हसलो.

“तुमच्या बहिणीनंच सांगितलं. तुम्हाला शोधत हेलेना गावी त्यांच्या घरी गेलो होतो. रडल्यासुद्धा.”

तू हवं तेव्हा रडू शकतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. परक्यांपुढं मला मारून टाकलंस, त्याचं फारसं वाटलं नाही. बारमध्ये वाजवणारा भाऊ लपवायचा असेल, म्हटलं. पण तो पुढं म्हणाला, “तुमची मुलगीही डोळे पुसत होती. मी सोळा वर्षांची असताना बाबा गेले, म्हणाली.”

त्यानंतर मला वाजवता आलं नाही.

त्याच वर्षी मी तुला लिहिलं होतं, व्हर्नेटला न्यायला येतोय. तू उत्तर धाडलंस, ‘पोर तुझं नाव काढू देत नाही. येऊ नकोस.’ मला ते खरं वाटलं, कारण मी त्याच लायकीचा होतो. तिची आई गेल्यावर महिन्याभरासाठी म्हणून चार वर्षांची पोर तुझ्या पदरात टाकली आणि बारा वर्षं फिरकलो नाही. हा माझा गुन्हा. तो मी कुणावर ढकलत नाही.

तुला पोर गमवायची नव्हती, हेही कळतं मला. पण झेला, तेरा वर्षं तिला बाप मेलेला आणि मला मुलगी रुसलेली! दर नाताळला माझं पत्र घेताना तुझा हात कसा कापला नाही गं?

शनिवारी दुपारच्या बसनं येतोय. तोवर तिला तूच सांग. माझ्या तोंडून ऐकलं, तर ती पुन्हा तुझं तोंड बघायची नाही, आणि तुला तिच्याशिवाय कुणी नाही.

तुझा भाऊ असं लिहायला आज हात धजत नाही.

व्हर्नेटचा बाप,
हॉलिस