बाबांची खाट आणि वजावट

३ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. (पत्राला बसण्याआधी मी बाबांची खाट टेपने मोजत होतो. बाबा खाटेवरच होते.)

तीर्थस्वरूप आत्या, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. गुडघे कसे आहेत? जिना कमी चढतेस ना? आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे बाबा अंथरुणात बरे आहेत आणि मी अंथरुणाबाहेर.

तुला ठाऊकच आहे, मी दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करतो. पूर्वी कंपनीचा नोकर होतो. आता तेच काटे, तीच दुकानं, पण मला स्वतंत्र कंत्राटदार म्हणतात. (स्वातंत्र्य असं, की आजारी पडलो तर कापायला पगारच नाही.) त्यात गोड एवढंच, की धंद्याचा खर्च वजा जाऊन उरेल त्यावरच कर. करसल्लागार म्हणाला, घरात काम करतोस तर त्या खोलीचं भाडंही वजा कर. दोन वर्षं मी आतल्या खोलीचं केलं. खोटं नको म्हणून बाबांच्या खाटेची जागा सोडली, खाटेपासून मोरीपर्यंतची वाट सोडली, आणि ते रात्री कितीदा उठतात त्याचा वेगळा कागद जोडला.

तो कागद कर खात्याने वाचला. माझं लिखाण आजवर कुणी इतकं मन लावून वाचलं नव्हतं. नियम असा निघाला, की खोली फक्त कामाचीच हवी. तिथे माणूस झोपला की सगळी वजावट बाद. मागचा कर दंडासकट भरायचा, आणि यंदाचं शुक्रवारी साहेब खोली बघून ठरवणार. बाहेरच्या खोलीत खाट घातली तर घराचं दार उघडत नाही. (घालून पाहिली. शेजाऱ्यांनी मला खिडकीतून बाहेर काढलं.)

सल्लागार म्हणाला, "खाट ठेव नाहीतर वजावट ठेव."

बाबांनी ते ऐकलं. "माझ्या जागेचं किती धरलं होतंस रे?"

"काहीच नाही. सोडली होती."

"म्हणजे फुकटच पडलोय म्हण की," म्हणाले, आणि खोकला येईपर्यंत हसले.

तुझा भाचा

ता. क. विचारायचं राहिलंच. गुरुवारपासून चार दिवस बाबांना ठेवून घेशील का? खातात कमी. खोकतात फक्त रात्री.

ता. क. २. चार दिवस हे खरं नाही. सल्लागार म्हणतो, वर्ष संपेपर्यंत.

ता. क. ३. बाबांनी पत्र वाचलं. म्हणाले, "धाकटी आहे माझी, तिला विचारतोस काय, कळव." तिकीट धंद्याच्या खर्चात घाल म्हणतात. ते बसत नाही, मी विचारून आलो.

खर्च: सल्लागार १,५००. बाबांचं बसचं तिकीट ६४०.
देणं: मागचा कर, दंडासकट २८,४००. खोलीत खाट दिसली तर आणखी १३,२००.
परतीचं तिकीट: बाबा म्हणतात, ही ओळ खोड.