संपतदादाच्या रेडिओचं ऑपरेशन

खुटबाव, सोमवार

संपतदादा, तुला खंडूचा इथूनच वाकून नमस्कार.

तिकडच्या थंडीत तुझी तब्येत टिकून असेल असं धरून चालतो. इकडं तुझी आई, म्हणजे माझी झुंबरआत्या, बरी आहे, तुझ्या आबांचा गुडघा कुरकुरतो पण आबा कुरकुरत नाहीत, आणि काळी गाय गाभण आहे. मी पण मजेत. आता तू म्हणशील की हा दौंडचं घर सोडून आमच्या ओट्यावर बसून पत्र का लिहितोय. तर ऐक, म्हणजे वाच. मी तुझा ट्रान्झिस्टर दुरुस्त केलाय आणि काल संध्याकाळी तो अख्ख्या वस्तीसमोर बोलला. (घाबरू नको. आधी बिघडला होता, मग मी उघडला. माझा क्रम नेहमी उलटा असतो असं आबा म्हणतात, या वेळी सरळ होता.)

सुरुवात तुझ्याच पत्रानं झाली. रविवारी फौजी लोकांच्या फर्माईशीत तुझं नाव वाचणार, एवढंच तू लिहिलं होतंस. आत्यानं ते पोस्टमनकडून वाचून घेतलं, मग खात्रीसाठी गुरुजींकडून वाचून घेतलं, आणि मग दारोदार जाऊन आवतण दिलं, “आमचा संपत रेडिवात येणाराय, चहाला या.” आणि इतकं सगळं झाल्यावर खंडेनवमी आली. नांगर, कोयते, विहिरीवरच्या इंजिनाचे पाने, सगळं धुऊन पुसून मांडलं, आणि त्यांच्या शेजारी तुझा रेडिओ. आत्याचं म्हणणं, वर्षभर त्योबी राबतोच की. आबांनी इंजिनाला तेल दिलं तसे दोन थेंब त्याच्या कानालाही, म्हणजे बटणालाही, दिले. दुसऱ्या दिवशी रेडिओ लावला तर एकदम गप. खरखर पण नाही. आत्यानं दिवसभर तोंडात घास घातला नाही आणि आबांनी दौंडला माणूस धाडला, खंडूला घेऊन या, तो रेडिओचं शिकतोय.

शिकतोय हे खरं आहे. पोस्टानं येतो कोर्स, सगळा इंग्लिशमध्ये. इंग्लिश मिडियमचा फायदा असा की लेसन वाचता येतो, आणि तोटा असा की वाचला की समजला असं वाटतं. माझा चौथा लेसन चालू आहे. सेट पूर्ण बंद पडल्यावर काय करायचं ते नवव्यात आहे. पण आत्या माझ्याकडं अशी बघत होती की मला ते सांगता आलं नाही.

तर पहिला नियम, सप्लाय चेक करा. केला. आत्यानं चारी सेल स्वतःच्या हातानं काढून दिले (पूजेची वस्तू, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही), मी एकेक टॉर्चमध्ये घालून बघितला, फर्स्ट क्लास. सेल तिनंच परत बसवले. म्हणजे सप्लाय ओके, फॉल्ट आत. मागचं झाकण काढलं तर आत हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि दहीभाताचं एक शीत. स्पीकरचा कागद तर मळवट भरल्यासारखा दिसत होता. मी तिथल्या तिथं सांगितलं, स्पीकर गेला. आबा म्हणाले, “डागदरानं रोगाचं नाव सांगितलं म्हंजी निम्मं काम झालं.”

उरलेल्या निम्म्यासाठी दौंडला गेलो. स्टेशनसमोर ज्योतिबा रेडिओवाल्याचं दुकान आहे ना, तिथं. तो म्हणाला, “सेट कुठाय?” मी म्हणालो, आत्या घराबाहेर काढू देत नाही. “म्हंजी पेशंट घरी, आन् तू तोंडी हकिकत सांगून औषध मागतो. आसा स्पीकर पुण्याहून मागवावा लागंल. दिवाळीला ये.” मी म्हणालो रविवारी पाहिजे. तो म्हणाला मग कुणाचा तरी मेलेला सेट शोध.

मेलेला सेट म्हटल्यावर मला तुझी शिरूरची तुळजाआत्या आठवली. तिचा तो मोठा लाकडी रेडिओ. आहे ती एस.टी. पकडून शिरूर गाठलं. रेडिओ होता दादा, आणि त्यात कोंबडी होती. मागचा पत्रा काढून तुळजाआत्यानं त्यात भुसा भरलाय आणि कोंबडी अंड्यांवर बसवलीय. स्पीकर बरोबर तिच्या शेपटामागं. मी हात घातला तर तिनं माझ्या अंगठ्याला अशी चोच मारली की मला शाळेतल्या सगळ्या इंग्लिश शिव्या आठवल्या.

तुळजाआत्या म्हणाली, “तिला उठवायची न्हाई. पिलं निघाली की ने तुझा फिस्कर.”

“आत्या, रविवारी संपतदादाचं नाव येणार आहे.”

“कोंबडीला काय म्हाईत रविवार?” असं म्हणाली खरी, पण भाच्याचं नाव ऐकून विरघळली. “थांब. दुपारी दाणं टिपायला उतरती. तेवढ्यात काय ते कर. आन् अंडी हालली तर तुला बसवीन तिथं.”

मी पाने, पेचकस सगळं हातात धरून कोंबडीच्या मर्जीची वाट बघत बसलो. ती उतरली, तुळजाआत्यानं अंड्यांवर पदर धरला, आणि मी तो स्पीकर सोडवून काढला. कोंबडीच्या शेवटच्या दाण्याला मी गल्लीच्या कोपऱ्यावर होतो.

पण हा स्पीकर केवढा म्हणतोस, तुझ्या सेटपेक्षा मोठा. घरी येऊन तो झुंबरआत्याच्या सुपात ठेवला, वायर बाहेर काढली, आणि वस्तीवर लाईट नाही म्हणून सोल्डरिंगचा डाग द्यायची सळई चुलीत तापवून जोड दिला. आत्यानं सेल घातले. बटण फिरवलं. गप. मग मी बँडचं बटण पुसलं, आबांचं तेल टिपलं, सगळे जोड परत केले. गप. रविवार उजाडला. संध्याकाळी अंगण भरलं, वरवंडहून पण माणसं आली, चहाचं आधण ठेवलं, आणि कार्यक्रम लागायच्या जरा आधी मी एक शेवटची बारीक अॅडजस्टमेंट केली. सुपातून एकदम इतक्या जोरात गाणं लागलं की कुत्रं दावं तोडून पळालं. आणि मग दादा, सगळ्या फौजी नावांच्या रांगेत तुझं नाव आलं, स्वच्छ. आबांनी टॉवेलनं तोंड पुसायला सुरुवात केली ते गाणं संपेपर्यंत पुसत होते. आत्या सगळ्यांना म्हणाली, “हळू बोला, त्यो दमला आसंल.”

आबा आता मला इंजिनिअर म्हणतात. थंडीत सांभाळून राहा.

तुझा,
खंडू

ता. क. ती बारीक अॅडजस्टमेंट तुला एकट्याला सांगतो, वाचून फाडून टाक. सेटमध्ये दोन सेलांच्या पितळी टोप्या इकडं आणि दोनांच्या तिकडं पाहिजेत. तसं आत चित्र आहे, पण चित्रावर हळद होती. आत्यानं पूजेला सेल काढले आणि ठेवताना चारींच्या टोप्या उगवतीकडं केल्या. काल ती घालत असताना मी पहिल्यांदा नीट बघितलं आणि विचारलं असे का. म्हणाली, “मग काय एकाचं पाय दुसऱ्याच्या डोक्याशी करू? पूजा झाल्याली वस्तू हाय.” मी तिला पाणी आणायला पाठवलं आणि दोन सेल फिरवले. जुना स्पीकर ठणठणीत होता.

आणखी एक ता. क. खरं काम हे आहे. आत्या रोज सेल काढून त्यांना निजवते आणि परत चारी डोकी एका बाजूला करते. मी उद्या दौंडला चाललो. प्लस-मायनस समजावलं तर म्हणाली, “तुझं साळंतलं ऱ्हाऊदे.” आबांना सांगावं तर माझं इंजिनिअरिंग जातं, आणि ओट्यावर लोकांनी आणखी तीन रेडिओ आणून ठेवलेत. तेव्हा तू तिला लिही की तुमच्या बराकीत जवान असेच झोपतात, एकाचं डोकं इकडं, एकाचं तिकडं, आणि कुणाला पाप लागत नाही. खोटं असलं तरी लिही, तुझं ती ऐकेल. पण रविवारच्या आत पोचव. तिनं पुढच्या रविवारचं पण आवतण देऊन ठेवलंय. दर रविवारी तुझं नाव येणार असं तिला वाटतंय, आणि ते काही मी दुरुस्त करायला गेलो नाही.