गोबरगॅसची शेगडी

अहो,

शेगडी पोत्यात बांधून मी बारामतीला चाललेय, दुकानदार बदलून देतो म्हणालाय. काल कळंबला छबूकाकींकडं गेले आन उलगडा झाला. त्यांच्याकडंबी गोबरगॅसच हाय, पण शेगडीची भोकं मोठी हायत. आपण सिलेंडरची शेगडी आणली, म्हणून जाळ धरत न्हाय. टाकीत काय बिघाड न्हाय.

लग्नानंतर पहिल्यांदा काल मला गाढ झोप लागली.

चुलीवरच्या भाकरी टोपलीत हायत. मी या घरात आले आन शेगडी पेटंना, तवा आत्याबाई काय बोलल्या ते तुमी तितंच बसून ऐकलंय. आता एवढं तुमीच त्यांना सांगा, सुनंच्या तोंडी बरं दिसायचं न्हाय. वाईट पायगुण शेगडीचा होता.

संजीवनी