चिठ्ठी अन् मिक्सर

मंगळवार, संध्याकाळ. सौंसर

मी पायाळू, जन्मताना पाय आधी आले. कंबर धरली की लोक पाठीला माझा पाय लावून घेतात. त्याचं काही घ्यायचं नसते, गुण जाते. आज बोरगावची शांता आली. "आजी, पाय बधिर होऊन राहिला." हे डॉक्टरचं काम. पण कोणत्या? माझा हात सरळ नागपूरच्या खाजगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर गेला, अन् ती शांतेले देली. असे पेशंट चिठ्ठी देऊन धाडते म्हणून त्यांच्याच माणसानं मले मिक्सर आणून दिला. मिक्सर चिठ्ठीचा, पायाचा नाही, असं मीच मनाला समजावलं होतं. डॉक्टर कसा आहे, मले काय माहीत? मिक्सर चांगला आहे, एवढं माहीत.

ती गेल्यावर राहवेना. फोन लावला. "शांते, आधी इथं सरकारी दवाखान्यात दाखव."

"नागपूरच्या बसमध्ये बसली मी. कायले भेता आजी? तुम्ही धाडलं म्हणजे डॉक्टर चांगलाच असन. तुम्ही कधी कोणाचं काही घेतलं काय?"

"घेतलं. मिक्सर घेतला. उतर खाली."