तीन पाहुणे, दोन खोल्या आणि ठिपक्यांचं गणित

धाकट्या,

नाही, मी पोरीला फूस लावलेली नाही. तू अजून विचारलं नाहीस, पण विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकते. आशीर्वाद. तुमची सगळ्यांची तब्येत बरी आहे असं धरून चालते. माझी ठणठणीत आहे, कंबर सोडून. आणि कंबरेचं कारण तू.

माझ्याकडे शिकायला राहिलेली तुझी लेक डिस्क्रीट गणिताची पदवी घ्यायची म्हणते, सोमवारपर्यंत विद्यापीठाला कळवायचंय, म्हणून तू काय केलंस? तिची समजूत घालायला तीन भाऊ एकदम माझ्याकडे धाडलेस, तेही मुक्कामाला! मावसभाऊ डॉक्टर, आतेभाऊ वकील, चुलतभाऊ कंत्राटदार. अरे, या तिघांमधून विस्तव जात नाही हे तुला ठाऊक नाही? कंत्राटदाराने बांधलेला डॉक्टरचा दवाखाना गळतो, वकील कंत्राटदाराची केस हरला, आणि डॉक्टरने वकिलाला भर लग्नात पोट कमी करायला सांगितलं (तेव्हा वकिलाचं तिसऱ्यांदा वाढून घेणं चाललं होतं, मी पाहिलंय).

माझ्याकडे खोल्या दोन. गाद्या घालायला घेतल्या. बाहेर डॉक्टर आणि वकील, आत कंत्राटदार. छे! मग वकील-कंत्राटदार आत. तेही नको. गाद्या ओढून ओढून माझी कंबर गेली, आणि ही बया खिडकीत बसून शेंगा खातेय. म्हणाली, "आत्या, नाही जमणार." मी म्हटलं, "तू ऊठ आणि उशी धर." तर तिने एका पाठकोऱ्या कागदावर तीन ठिपके काढले आणि रेघांनी जोडले. ठिपका म्हणजे काका, रेघ म्हणजे भांडण. "तिघांचं तिघांशी भांडण, खोल्या दोन. कसंही कर, एका खोलीत भांडणारे दोघं येणारच." मी म्हटलं, "एवढ्यासाठी पदवी लागते?" तर म्हणे, "तीन काकांना नाही लागत. तीनशे असले की लागते." परीक्षांची वेळापत्रकं, सामानाच्या गाड्यांचे रस्ते, कॉम्प्युटरच्या पोटातलं बरंच काही, सगळं म्हणे असल्याच सुट्या सुट्या ठिपक्यांचं गणित, तेच डिस्क्रीट. मला सगळं कळलं असं नाही (मी सातवी पास, तीही रडतखडत), पण जे होणारच नाही ते आधी सांगणारं माणूस घरात असलं की गाद्या कमी ओढाव्या लागतात, एवढं कळलं.

शेवटी वकिलाची गादी स्वयंपाकघरात घातली. कुरकुरला, पण खाऊचे डबे हाताशी आहेत म्हटल्यावर गप्प झाला.

आता समजूत घालणं. एकत्र बसायला कुणी तयार नाही, म्हणून पोरगीच एकेकाकडे जाऊन ऐकून आली. डॉक्टर म्हणाला, "काहीही कर, पण वकिली नको, माणूस खोटारडा होतो." वकील म्हणाला, "इंजिनिअर बिंजिनिअर होऊ नकोस, बांधकामवाले सगळे चोर." कंत्राटदार म्हणाला, "डॉक्टरांत माणुसकी उरत नाही गं. मी सर्दी दाखवायला जातो, तो मला छप्पर दाखवतो." म्हणजे तू सुचवलेले तिन्ही धंदे तूच धाडलेल्या माणसांनी मोडीत काढले. गणिताविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही. सकाळी तिघं तीन टॅक्सी करून गेले.

तेव्हा फोन उचल आणि तिला हो म्हण. ती तुझ्या होकारासाठी अडून बसलीय. "बाबा नाही म्हणाले तर जाईन इंजिनिअरिंगला," असं मला म्हणाली. म्हणाली हसतच, पण नंतर ताटावरून तशीच उठली. शेंगा खाणारी पोर अशी उठत नाही.

तुझी,
ताई

ता. क. पोट भरेल का, असं म्हणशील. भरेल. मी विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकांना विचारून आले. त्यांच्या खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवून बसले आणि धड उत्तर मिळेपर्यंत उठले नाही. माणूस बरा आहे, जरा घाबरट आहे.

आणखी एक ता. क. इंजिनिअरिंगचं कॉलेज तुमच्याकडे, विद्यापीठ माझ्या घरापासून चालत. म्हणजे पोरगी अजून तीन वर्षं इथेच राहील. तिने पतंग उडवायची पदवी घेते म्हटलं असतं, तरी मी हेच पत्र लिहिलं असतं. तिची जाड रजई पाठवून दे. का आणि कशाला ते विचारू नकोस. यावर मी एक शब्दही बोलणार नाही.