बिनगळाची काठी

८ जुलै १९७३
मासे मारणं बंद. मायचा हुकूम, आजपासून लागू.
सकाळी मासेमारीतला जोडीदार वासुदेव राजदूत फटफटी घेऊन खाली हॉर्न वाजवत उभा. सावनेरच्या अलीकडचा शिंगाड्याचा तलाव, पावसाचं नवं पाणी, मरळ हमखास वर आलेले असणार. मी चपला घालतो तर माय दारात आडवी. "सून दोन जिवांची, अन् तू तिकडे जीव माराले चालला? काही लाजबिज आहे का तुले?" पोटुशी बाईच्या नवऱ्यानं जीव मारू नये, म्हणे. मूल होईपर्यंत गळाला हात लावायचा नाही.
म्हटलं, असं काही नसतं. तर म्हणाली, "नसते ना? मग मागची दोन काहून नाही राहिली?"
चपला काढून ठेवल्या. वासुदेवला वरूनच हात हलवला.
सुमन खाटेवरून सगळं ऐकत होती. धंतोलीच्या डॉ.बाईंनी पाचवा लागल्यापासून तिला उठायची मनाई केली आहे. आता घरात दोघं बंदीत.

१० जुलै
माझा विश्वास नाही. ड्राफ्ट्समन माणूस, पट्टीला पट्टी लावून रेघा मारतो, शकुन-अपशकुन मानत नाही. तरी गळांचा डबा स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकला. विश्वास नाही, पण पडताळा पाहायची छातीही नाही.
ऑफिसात ट्रेसिंगवर शाई सांडली. साहेब बोलले. जीव थाऱ्यावर नाही.

१६ जुलै
वा. आला. काल मोठा मरळ मारला, हाताच्या कोपरापर्यंत माप दाखवलं. वा.चा कोपर दर वेळी खांद्याकडे सरकतो. सोबत नवी काठी, फायबर ग्लासची, त्याच्या साळ्यानं कलकत्त्याहून पाठवलेली. "पाहून घे. पसंत पडली तं तुले देतो, मी दुसरी मागवतो." म्हटलं, मला बंदी आहे. "अबे, मासे माराले बंदी आहे, काठी घ्याले थोडीच आहे?"
माय ऐकत होती, पाय आपटत देवघरात गेली.
रात्रभर डोक्यात तेच. माझी जुनी बांबूची काठी लांब आहे, पण आमिषाचा बेडूक काठावर लोंबवण्यापुरतीच. लांब फेकायचा, पानांमधून टुणटुण आणायचा, मरळ खालून येऊन फटकारा मारेल असं करायचं तर काठी हवीच.

२० जुलै
ऑफिसातून परस्पर रेल्वे क्वार्टर्समध्ये. सायमनसाहेब, रिटायर गार्ड, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला चाललेत, सामान विकायला काढतायत. त्यांच्याकडे सहा चिरा चिकटवून केलेली बांबूची जुनी काठी, रीळही सुरळीत फिरतं. हातात घेतली आणि सोडवेना. टोकाला जरा हलवलं की मुठीपर्यंत कळतं. "धूप में मत छोड़ना बाबू, और शादीशुदा आदमी को उधार मत देना," एवढंच म्हणाले. नेऊन पाहा, नको तर परत आण.
आता घरात दोन काठ्या. मायनं दोन्हीकडे पाठ फिरवली.

२४ जुलै
गच्चीवर फेक. गळाच्या जागी लाकडी बेडूक, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, मीच कोरलेला. शेजारच्या पोतदारकाकू पापड वाळत घालत होत्या. बेडूक पापडांवर. "काय हो मधुकरराव, आमच्या गच्चीवर मरळ आले काय?"
फायबरची ताठ. पानांत घुसलेला मासा ओढून काढेल, पण हलका बेडूक लांब जात नाही. साहेबांची लवचीक. बेडूक सुरेख जातो, पण मोठा मासा लागला तर? ताठ की लवचीक? लवचीक की ताठ? सकाळी एक ठरवतो, दुपारी दुसरं.
सु. म्हणाली, "लग्नाच्या टायमाले तं इतका इचार नव्हता केला."

२९ जुलै
आज मजा. सु.च्या डोक्यातून निघालेलं. ती खाटेवर आडवी, दोरीचं टोक तिच्या बोटाला, मी स्वयंपाकघराच्या दारात काठी धरून. ती मासा. डोळे मिटून मी सांगायचं, मासा काय करतोय.
फायबरच्या काठीवर तिनं बोट हलवलं की दोरी धरून नुसती पडून राहिली, मला कळेना. साहेबांच्या काठीवर तिनं करंगळी जरा वाकवली तरी कळलं. मग तिनं एक झटका दिला, मीही उलट दिला.
"अहो, इतक्या जोरानं काहून ओढता? मी मासा आहो का बैल?"
हीच माझी खोड. वा. नेहमी सांगतो, मरळानं बेडूक तोंडात घेतला की थांबायचं, त्याला खाली नेऊ द्यायचा, मग ओढायचं. मला थांबता येत नाही. फटकारा ऐकू आला की हात उचललाच. निम्मे मासे असेच गेले.
सु. कितीतरी दिवसांनी एवढी हसली. मायही दाराआडून पाहत होती, मी पाहिलं तशी निघून गेली.

५ ऑगस्ट
काठी ठरेना तोवर दोरीचा घोळ. नायलॉन की सुती? नायलॉन पाण्यात दिसत नाही, पण ताणते. इकडे झटका द्या, तो वाटेतच जिरतो. सुती ताणत नाही, पण पाणी पिऊन बुडते. दोरी बुडाली की बेडकाचं तोंड खाली, मग तो उडी काय मारणार?
सु. म्हणाली, सुतीच घ्या अन् मेण लावा, सोपं आहे. चांभाराकडून मेणाचा गोळा आणला. दुपारभर ती पडल्या पडल्या दोरी मेणातून ओढत होती. हाताला काहीतरी काम मिळालं म्हणून खूश. बादलीत टाकून पाहिली, तरंगली.
पोटात हललं, म्हणाली. माझा हात नेऊन ठेवला. मला काही कळलं नाही, मी कळलं म्हणालो.

१२ ऑगस्ट
तलावावर जाऊन आलो. मायशी करार: काठी न्यायची, बेडूक न्यायचा, गळ नाही. निघताना तिनं स्वतः बेडूक उलटा करून पोट तपासलं. कस्टमवाले इतकं तपासत नसतील.
साहेबांची काठी, मेणाची दोरी. वा. पलीकडच्या काठाला. शिंगाड्याच्या पानांमध्ये एका मोकळ्या जागी पाणी उकळल्यासारखं, तांबडं तांबडं. मरळाची पिल्लं, झुबक्यानं. बेडूक त्यांच्या कडेला टाकला. दोनच उड्या घेतल्या असतील, खालून असा फटकारा बसला की माझ्या तोंडावर पाणी. मी ओढलंच. बेडूक हवेत, त्यावर दातांचे ओरखडे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. खायला नव्हता येत तो, हाकलायला येत होता.
वा.ला हाक मारली नाही. तो गळ घेऊन आला असता.
घरी सु.ला सगळं सांगितलं. तिनं ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "नर राहते की मादी?" म्हटलं, दोघंही राहतात, पिल्लं मोठी होईतोवर हलत नाहीत. "मंग उपाशी राहत असतील," म्हणाली आणि कूस वळली.

१८ ऑगस्ट
संध्याकाळी पुन्हा मासा-मासा. फायबरची आज परत करायची की साहेबांची, शेवटचा निकाल. सु.च म्हणाली, एकदा खऱ्या मरळासारखं ओढून पाहते. दोरी मनगटाला गुंडाळून, हसत, अर्धी उठून बसली. म्हटलं, उठू नको. ऐकते कुठे. मी ढील द्यायची तर ओढलं. एकदम हसणं थांबलं. हात पोटावर.
सायकलरिक्षा. महालातल्या घरापासून धंतोलीच्या दवाखान्यापर्यंत, सगळे खड्डे आजच दिसले. रिक्षावाल्याला हळू म्हणत होतो आणि लवकरही म्हणत होतो.
रक्त आहे. ठेवून घेतलं.

१९ ऑगस्ट
डॉ.बाई म्हणाल्या, दोरीनं काही झालेलं नाही, हे व्हायचंच होतं, कदाचित आठ दिवसांनी झालं असतं. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवता येतो. ठेवत नाही.
मायनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा आणते, सु.ला भरवते, माझ्याकडे न पाहता जाते.
मी ओढलं. मला थांबता येत नाही. एवढंच खरं.

२२ ऑगस्ट
रक्त थांबलं. मूल आहे. डॉ.बाईंनी नळी पोटावर लावून मला ऐकवलं. ह्या वेळी खरंच ऐकू आलं. बाहेर येऊन जिन्यात बसलो, रडलो.
वा.ला बोलावून दोन्ही काठ्या दिल्या. "येडा झाला का गा?" म्हटलं, ने. दारात दिसायला नको.

२ सप्टेंबर
सु. अजून तिथेच, खाट पायथ्याकडून विटांवर उचललेली. आज विचारलं, "कोणती ठेवली?" दोन्ही दिल्या म्हटलं तर जी भडकली! शेजारच्या खाटेवरची बाई जागी झाली.
"मले इच्यारलं काय? तीन हप्ते मी मासा झाली, अन् तुमी परस्पर देऊन टाकता? साहेबाची वापस आणा."
काहून? तर म्हणाली, त्या काठीत तुमचा हात मलाही कळत होता. तुम्ही घाबरले की कळे, चिडले की कळे. दुसरीत नुसता दांडा ओढतो आहे असं वाटे.
इतके दिवस मी माशाकडून काय कळतं तेच पाहत होतो. माशाला काय कळतं ते डोक्यातच आलं नाही.

३ सप्टेंबर
वा.कडून काठी आणली. त्यानं पानांत अडकवून टोकाची, दोरी ओवायची कडी तोडली आहे. वर म्हणतो, "तुले तं नकोच होती ना." भांडलो. रेशमी दोऱ्यानं नवी कडी बांधत बसलो, तीनदा सोडून बांधली.
साहेबांना निरोप पाठवला, ठेवून घेतो. काठी ठरली एकदाची.

१६ सप्टेंबर
सु. घरी. खाटच, पण घरी. काठी समोरच्या भिंतीवर आडवी टांगली. मायनं येता-जाता पाहिली, काढ म्हणाली नाही. मासा-मासा बंद, ते न सांगता कळलं.

७ ऑक्टोबर
दसरा झाला. वा. सोनं द्यायला आला, तलावावर चल म्हणाला, बिनगळाचा का होईना. नाही गेलो. घरातच येरझारा. सु. म्हणते, "तुमी फिरता अन् चक्कर मले येते. बसा ना गा जरा." नवऱ्याला गा, गड्याला म्हणतात तसं! लगेच जीभ चावली. माय आतून हसली.
आठवा लागला. माय बोटं मोजते आणि मला दिसलं की हात पदराआड नेते. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, असं तिच्या पिढीचं. डॉ.बाईंना विचारलं. "असं काही नसतं," त्या म्हणाल्या. हेच वाक्य मी मायला म्हणालो होतो, तेव्हा किती ठाम होतो.

१४ ऑक्टोबर, धंतोली
पहाटे कळा. आठव्यातच. रिक्षात सु.नं माझं मनगट धरलेलं, कळ आली की आवळायची. मी हात हलवला नाही, रिक्षावाल्यालाही काही म्हटलं नाही.
सात वाजता आत नेलं. बाकावर मी, आणि काटोलचे एक गृहस्थ, त्यांची मंडळीही आत, त्यांचं पाचवं. संत्री सोलून देतात. "पहिलं का?" म्हटलं, तिसरं. "मंग तं सवय असंन." हो म्हणालो.
माय जिन्याशी, तोंडात पुटपुट. कंपाउंडरकडून पेन्सिल मागून हे लिहितोय, नाहीतर उठून दार ठोकेन.
नऊच्या सुमारास आत एकदम धावपळ. भांडं पडलं. मग काही नाही. मग परत डॉ.बाईंचा आवाज, कोणाला तरी रागावल्यासारखा.
आत्ता रडणं ऐकू आलं. बारीक, मांजराच्या पिल्लासारखं, पण नक्की. माय उठून उभी राहिली. काटोलवाले उभे राहिले, मीही. आत दोघी आहेत आणि रडणं एकच. काटोलवाले माझ्याकडे पाहतायत, मी त्यांच्याकडे. संत्र्याची फोड त्यांच्या हातात तशीच.
दार उघडत नाही. दोन पावलं गेलो होतो, कडीला हात लागला होता. काढून घेतला. परत येऊन बसलोय.
रडणं चालू आहे.